बेडका निगेटिव्ह आला, तरी टीबीच्या गोळ्या का चालू ठेवायच्या?

सायली_क

माझ्या धाकट्या भावाला फुफ्फुसाचा टीबी निघाला, त्याला आता सव्वादोन महिने झाले. आधी तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण, रात्री घामाने उशी ओली, आणि बघता बघता सात किलो वजन उतरलं. बेडका तपासला तेव्हा रिपोर्टवर '२+' असं होतं. चार औषधं सुरू झाली. पंधरा दिवसांत ताप गेला, महिन्याभरात खोकला बसला, तोंडाला चव आली. दोन महिन्यांनी पुन्हा बेडका दिला, तो निगेटिव्ह. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

काल त्याच्या टेबलावर नवीन पाकीट दिसलं. नऊ दिवसांच्या गोळ्या जशाच्या तशा. विचारलं तर म्हणतो, "ताई, जंतू नाहीत असं कागदावर लिहून दिलंय. मग उगाच पोटात कशाला घालू?" मला उत्तर देता आलं नाही. "कोर्स पूर्ण करायचा असतो" एवढ्यावर तो ऐकणारा नाही. त्याला कारण लागतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. निगेटिव्ह म्हणजे नेमकं काय? घशाचा संसर्ग आठवड्यात बरा होतो, मग यालाच सहा महिने का?

अनिकेत७

एवढी शंका आहे तर जीनएक्सपर्ट करून घ्या. दोन तासांत निकाल येतो आणि सूक्ष्मदर्शकापेक्षा खूपच कमी जंतू असले तरी पकडतं. तिथेही निगेटिव्ह आलं तर प्रश्न मिटला.

काचपट्टी

सायली, आधी एक काम करा. भावाला घेऊन उद्याच उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि नऊ दिवस गोळ्या सुटल्या हे स्पष्ट सांगा. राहिलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, आणि त्यातल्या दोनच निवडून सुरू करायच्या नाहीत. पुढे काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. खालचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत बेडक्याच्या काचा वाचते आहे. तुमच्या भावाच्या हातात आहे तसा 'निगेटिव्ह' हा शब्द मी हजारो वेळा लिहिला असेल. तो लिहिताना मी काय पाहिलेलं असतं, ते सांगते.

डबीतल्या बेडक्याचा घट्ट, पिवळसर भाग निवडून काचेवर दोन बाय तीन सेंटिमीटरचा पातळ थर पसरायचा. वाळला की काच आचेवरून फिरवायची. मग त्यावर लाल कार्बोल फुक्सिन ओतून खालून आच द्यायची, वाफा निघेपर्यंत, पण उकळू द्यायचं नाही. टीबीच्या जंतूचं कवच मेणकट असतं, त्यात मायकोलिक आम्लं भरलेली असतात. थंड रंग त्यात शिरतच नाही. पण एकदा शिरला की बाहेरही पडत नाही. पुढे २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल ओतलं की बाकी सगळं धुऊन निघतं आणि हा तेवढा लाल राहतो. शेवटी निळा रंग द्यायचा. भिंगाखाली निळ्या पसाऱ्यात बारीक लाल काड्या दिसतात, किंचित वाकलेल्या, कधी मणी ओवल्यासारख्या, कधी दोन काड्या एकमेकींना टेकलेल्या. लांबी दोन-तीन मायक्रॉन. पहिली काडी दिसते तेव्हा आजही माझा हात थांबतो, कारण त्या काचेमागे कुणाचं तरी घर असतं.

अशी शंभर फील्ड पाहायची, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारी शंभर वर्तुळं. भावाचं '२+' म्हणजे एकेका वर्तुळात एक ते दहा काड्या. आणि निगेटिव्ह म्हणजे शंभर वर्तुळांत एकही नाही. एवढंच, याच्या पुढे काही नाही. एका मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय या पद्धतीत ते सापडत नाहीत. दोन हजार असले तरी मी निगेटिव्हच लिहिणार, आणि नियमाने ते बरोबरच असणार. शिवाय मी पाहते ते फक्त बेडक्यात आलेले. फुफ्फुसाच्या आत पेशींमध्ये दडून बसलेले माझ्या काचेवर येतच नाहीत.

म्हणून भावाला सांगा: त्या कागदावर "जंतू नाहीत" असं लिहिलेलं नाही. "दिसले नाहीत" असं लिहिलेलं आहे. ही बातमी चांगलीच आहे, औषध लागू पडतंय, हे ती सांगते. पण काम संपलं, असं ती सांगत नाही.

आता सहा महिने का. आतड्यातला ई. कोलाय जंतू सगळं मनासारखं मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. टीबीच्या जंतूला एकाचे दोन व्हायला अठरा ते चोवीस तास लागतात. आमच्याकडे हिरव्या रंगाच्या माध्यमावर त्याचं कल्चर लावतात, म्हणजे नळीत खाऊ घालून तो वाढतो का ते पाहतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत नळीत बहुतेक काहीच नसतं. मग कधीतरी कोरडे, खडबडीत, मळकट पिवळे ठिपके उगवतात. पूर्ण आठ आठवडे थांबल्याशिवाय 'वाढ नाही' असं लिहिता येत नाही. मीच निगेटिव्ह दिलेल्या काचेचं कल्चर सहाव्या आठवड्यात उगवलेलं मी पाहिलं आहे, एकदा नाही, अनेकदा.

हे संथपण नुसतं कुतूहलाचं नाही. बरीचशी औषधं जंतू वाढत असताना त्याला मारतात. फुफ्फुसातल्या पोकळीच्या भिंतीत हवा भरपूर, तिथले जंतू भराभर वाढतात. त्यांना चारांपैकी आयसोनियाझिड हे औषध पहिल्या काही दिवसांतच झोडपतं. ताप उतरतो, खोकला कमी होतो तो त्यामुळे. पेशींच्या आत, आम्लात बसलेल्यांना पायराझिनामाइड गाठतं. आणि काही जंतू जवळजवळ झोपलेले असतात, अधूनमधून थोडा वेळ जागे होतात, पुन्हा निजतात. ते जागे होतील त्या घडीला रिफाम्पिसिन तिथे हजर असावं लागतं. ती घडी कुठल्या दिवशी येईल, कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून गोळी रोज, आणि म्हणून सहा महिने. भावाने सोडलेल्या नऊ दिवसांतही कुणीतरी जागं झालं असेल, मला काळजी त्याची वाटते.

चार औषधं एकदम का, तेही सांगते. एका मोठ्या पोकळीत दहा कोटी जंतू असू शकतात. औषध सुरू व्हायच्या आधीच त्यांत काही जन्मजात दाद न देणारे असतात: आयसोनियाझिडला साधारण दहा लाखांत एक, रिफाम्पिसिनला दहा कोटींत एक. म्हणजे एकटं आयसोनियाझिड दिलं तर शंभरेक जंतू उरतील, आणि तेच पुढे सगळी जागा भरतील. पण दोन्हींना एकदम दाद न देणारा जंतू निघण्याची शक्यता दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराइतकी, एकावर चौदा शून्यांत एक. एवढे जंतू छातीत नसतात. सगळी मदार या गुणाकारावर आहे.

हे शिकायला माणसांनी किंमत मोजली आहे. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये हा जंतू जगापुढे मांडला, पण त्यावर पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ उजाडलं. १९४८ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीचे निकाल छापून आले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले, नुसती विश्रांती दिलेल्या ५२ जणांपैकी १४. केवढी आशा वाटली असेल! पण औषध एकटंच होतं. बऱ्याच जणांचे जंतू काही आठवड्यांतच त्याला दाद देईनासे झाले, आणि पुढच्या वर्षांत तो फरक बराचसा पुसला गेला. औषधं जोडीने द्यायची रीत त्यातूनच आली.

अनिकेत, जीनएक्सपर्ट निदानासाठी उत्तम आहे. रिफाम्पिसिनला जंतू दाद देतो का, तेही दोन तासांत सांगतं, हे मोठंच काम आहे. पण ते जंतूचा डीएनए शोधतं, आणि मेलेल्या जंतूचा डीएनए महिनोन्‌महिने बेडक्यात येत राहू शकतो. त्यामुळे बऱ्या होत आलेल्या माणसालाही ते पॉझिटिव्ह म्हणू शकतं. आणि मिलिलिटरमागे साधारण १३० च्या खाली जंतू असले तर त्याच्याही हातून निसटू शकतात. म्हणून उपचार चालू असताना काच आणि कल्चरच पाहतात.

उत्तरा_म

मी त्या बाजूची आहे, म्हणून लिहिते. चौथ्या महिन्यात मी गोळ्या सोडल्या. बेडका निगेटिव्ह होता, वजन वाढलं होतं, सगळं छान चाललं होतं. अकरा महिन्यांनी खोकल्यात रक्त आलं. या वेळी जंतू आयसोनियाझिडला दाद देत नव्हता, रिफाम्पिसिनलाही नाही. मग चोवीस महिने औषधं, त्यातले आठ महिने इंजेक्शनं. त्या इंजेक्शनांनी डाव्या कानाचे वरचे सूर कायमचे गेले. फोनची घंटा त्या बाजूने मला ऐकू येत नाही.

आता तसे उपचार बदललेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा टीबीसाठी बेडाक्विलिन आणि सोबत तीन औषधं असा सहा महिन्यांचा, इंजेक्शनांशिवायचा कोर्स सुचवला. कुणालाही माझ्यासारखं होऊ नये, म्हणून ते वाचून मला फार बरं वाटलं होतं.

पण सायली, एक विचारू? मी गोळ्या सोडल्या तेव्हा घरी "आता बरी आहे" एवढंच सांगितलं होतं. खरं कारण उलट्या हे होतं. रोज सकाळी पाकीट पाहिलं तरी पोटात ढवळायचं. ते मी डॉक्टरांनाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी काहीतरी केलं असतं. भावाला एकदा शांतपणे विचारा.

सायली_क

सगळ्यांचे मनापासून आभार. काचपट्टींचं उत्तर त्याला तसंच्या तसं वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं. गुणाकाराची ओळ त्याने मला मोठ्याने वाचून दाखवली.

मग उत्तराताईंनी म्हटलं तसं विचारलं. बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, दुसऱ्या महिन्यापासून गुडघे आणि घोटे इतके दुखायचे की सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागे. आणि लघवी लालसर नारिंगी होते, म्हणजे मूत्रपिंड खराब होताहेत असं त्याने ठरवून टाकलं होतं. आम्ही घाबरू म्हणून बोलला नाही. निगेटिव्ह रिपोर्ट आला आणि त्याला सुटायला कारण मिळालं. मी त्याच्यावर चिडले होते, त्याचं आता वाईट वाटतंय.

आज डॉक्टरांना भेटलो. ते रागावले नाहीत. रंग रिफाम्पिसिनचा, घामाला आणि डोळ्यांतल्या पाण्यालाही येतो, घाबरायचं कारण नाही म्हणाले. सांधे बहुधा पायराझिनामाइडने दुखत होते. ते रक्तात युरिक आम्ल वाढवतं. आणि त्याच्या उपचारात ते दोनच महिन्यांसाठी होतं! नवीन पाकिटात ती गोळी नव्हतीच. नेमकं तेच पाकीट तो उघडत नव्हता. युरिक आम्ल तपासायला सांगितलंय, गोळ्या आज रात्रीपासून त्यांच्या देखरेखीखाली पुन्हा सुरू. उद्या सकाळी पुन्हा बेडका द्यायचाय, काच आणि कल्चर दोन्हींसाठी.

त्याचा एक प्रश्न आहे, त्याच्या शब्दांत: "गेल्या वेळी मला खोकला नव्हताच. मी डबीत नुसती थुंकी दिली होती. त्याने फरक पडतो का?"

काचपट्टी

पडतो, आणि तुम्ही हे विचारलंत ते फार चांगलं केलंत. थुंकी पातळ, फेसाळ असते. भिंगाखाली तिच्यात तोंडातल्या मोठ्या चपट्या पेशी दिसतात, छातीतलं काहीच नसतं. दोन महिन्यांनंतरच्या बऱ्याच डब्या अशाच येतात, कारण तोवर खोकला थांबलेला असतो. तशा डबीच्या निगेटिव्हवर माझा भरवसा नसतो.

उद्या सकाळी उठल्याबरोबर, काही खायच्या आधी, साध्या पाण्याने चूळ भरा. उघड्या हवेत जा, जवळपास कुणी नको. दोनदा खोल श्वास घेऊन दोन-तीन सेकंद धरून ठेवा आणि सोडा. तिसऱ्यांदा भरून घ्या आणि बेंबीपासून जोर लावून खोका. वर येईल तो घट्ट भाग डबी ओठांजवळ धरून आत सोडा, बाहेरून डबीला लागू देऊ नका. साधारण अर्धा-एक चमचा हवा. नाही आला तर थोडं चालून या आणि पुन्हा करा, एकदोनदा तरी. तरीही नाहीच आला तर थुंकी भरून देऊ नका, "येत नाही" असं तिथल्या माणसाला सांगा. झाकण घट्ट लावा आणि डबी लगेच पोचवा.

कल्चरचा रिपोर्ट यायला आठ आठवडे लागू शकतात. तोवर गोळ्या चालूच.