‘कुंपणावरच्यांनी नाशिक सोडावे’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गंगापूररोडकर
आमच्या भागातल्या समूहावर परवा एका सद्गृहस्थांनी लिहिले, “तपोवनाच्या प्रश्नावर एकतर झाडांच्या बाजूने बोला, नाहीतर कुंभाच्या, कुंपणावर बसणाऱ्यांनी नाशिक सोडावे.” त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. दोन दिवस गप्प राहिलो, आता राहवत नाही. कुंभाला येणाऱ्या साधूंच्या वस्तीसाठी, म्हणजे साधुग्रामासाठी, तपोवनातल्या सुमारे १८०० झाडांवर कुऱ्हाड येणार हे कळल्यावर मी लेखी हरकत घेतली. आणि २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीला आलेल्या ११ पाहुण्यांच्या गाद्या माझ्याच दिवाणखान्यात पडल्या होत्या. मग मी कोणत्या गोटातला? माझ्या हरकतीत लिहिले होते की ५० वर्षे किंवा त्याहून जुनी झाडे वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष ठरतात, त्यांना हात लावू नये. सुबाभळीच्या झुडपांसाठी मी हट्ट धरणार नाही. मात्र कोणते झाड का जाते हे सांगणारी, जात आणि वय लिहिलेली यादी जागेवर लावावी. हे वाचून झाडवाल्या मित्राने मला फितूर म्हटले आणि कुंभवाल्या मेहुण्याने धर्मबुडवा. कुंपणावरचा माणूस दोन्हीकडची गंमत पाहतो. मी दोन्हीकडचे दगड खातो आहे.

देवळालीकर
आपली यादीची मागणी वाचली. प्रत्येक झाडाचे वय मोजत बसलो तर साधू येऊन जातील आणि आपण फूटपट्टी घेऊन उभे असू. सिंहस्थ गुरूच्या राशीवर ठरतो, आपल्या हरकतीच्या पोचपावतीवर नाही. आमच्या गल्लीतला रस्ता ‘सर्वांना विश्वासात घेऊन’ करायचा ठरले. तीन पावसाळे गेले, विश्वास तेवढा वाढला, खड्डे तसेच आहेत.

पंचवटीकर
संयमाचे आणि समजुतीचे धडे निदान नाशिकला देऊ नका. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे प्रवेशासाठी जे दलित उभे राहिले, त्यांनाही “दुसरी बाजू समजून घ्या, थोडे थांबा” असेच सांगितले गेले. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ सवर्ण आणि दलित दोघांनी मिळून ओढायचा अशी समजूत झाली होती, आणि प्रत्यक्षात दगडफेक झाली. पाच वर्षे वाट पाहून १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्यात काय घोषणा केली, ते सर्वांना ठाऊक आहे. माझे आजोबा त्या दगडांविषयी बोलताना आवाज चढवत नसत, फक्त कपाळावरची खूण चाचपत. काही प्रश्नांना मधला रंग नसतो आणि तो असल्याचा भास त्यालाच होतो, ज्याच्यासाठी दार उघडे असते.

निवृत्त सचिव
मला या वादातले फारसे कळत नाही, पण गृहनिर्माण संस्थेचे इतिवृत्त मी २२ वर्षे लिहिले आहे, म्हणून एका शब्दाविषयी बोलतो. तो शब्द म्हणजे ‘सर्वानुमते’. आमच्या संस्थेत गच्चीची गळती थांबवण्याचा खर्च सर्वांनी सारखा वाटून घ्यावा असा ठराव आला, तेव्हा तळमजल्यावरच्या एका वृद्ध सभासदांनी उभे राहून पाच मिनिटे हरकत सांगितली. त्यांच्या हातात हिशेबाचा कागद होता आणि तो थरथरत होता. सभा संपल्यावर मी सवयीने लिहिले, ‘सर्वानुमते मंजूर’. सूचक, अनुमोदक, सही. त्यांचा हिशेब बरोबर होता हे दोन वर्षांनी कळले, परंतु तो कुठेच लिहिलेला नव्हता.

सिडकोवाली
काका, ‘सवयीने’ हा शब्द आपण फार सहज वापरलात. आमच्या संस्थेत गणसंख्येअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी, गणसंख्येच्या अटीशिवाय भरते; त्या अर्ध्या तासात चहा करायला बायका आणि ठरवायला चार पुरुष. मी पाण्याच्या वेळेविषयी बोलायला उठले, तर अध्यक्ष म्हणाले, “वहिनी, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ.” आयत्या वेळचे विषय आले तेव्हा खुर्च्या गोळा होत होत्या. इतिवृत्तात काय आले असेल, हे आपण सांगू शकाल.

निवृत्त सचिव
सांगतो. ‘इतर कोणताही विषय नसल्याने आभार मानून सभा संपली.’

देवळालीकर
धागा तपोवनाचा होता, आपण चहावर आलात.

सिडकोवाली
चहावरच आहे सगळे. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे या शहराला नगरसेवक नव्हता, सारा कारभार प्रशासकाकडे होता, आणि त्या काळात आपल्यापैकी कितीजणांना झोप लागली नाही? प्रभागातल्या मतदारांनी एकत्र बसून बोलावे यासाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्येच कायद्यात आली. मी एकही क्षेत्रसभा पाहिलेली नाही. झाडांवर हरकत घ्यायला कायदा सात दिवस देतो. ज्यांना १५ माणसांच्या सभेत विरोध ऐकून घेता येत नाही, त्यांनी लाखोंच्या शहराला सात दिवसांत शहाणपण शिकवावे?

पंचवटीकर
सचिव महोदय प्रांजळ आहेत, पण त्यांच्या कबुलीजबाबाने कोणाचे पैसे परत मिळाले? हरकत नीट लिहून ठेवणे म्हणजे अन्यायाला सुवाच्य अक्षर देणे. गंगापूररोडकरांना उद्या यादी मिळेल, झाडे जातील आणि ते समाधानाने यादी फाइलला लावतील.

गंगापूररोडकर
हे मला लागले, आणि लागावे म्हणूनच आपण लिहिले आहे. परंतु आपल्याच उदाहरणातली एक गोष्ट आपण गाळलीत. सत्याग्रहाआधी समितीचे सचिव भाऊराव गायकवाड यांनी पंचांना रीतसर कळवले होते की अमुक दिवसापर्यंत मंदिर खुले करा, नाहीतर सत्याग्रह होईल. बोलण्याचे दार आधी ठोठावले होते, तेही लेखी. मी भेकड आहे असे म्हणायचे असेल तर जरूर म्हणा, पण लिहिणे हेच भेकडपणाचे लक्षण असेल, तर ते पत्र कशात बसते?

पंचवटीकर
मुद्दा मान्य करतो, आपल्याला आनंद होणार असेल तर ‘सर्वानुमते’. ते पत्र बाहेरच्यांनी लिहिले होते आणि आतल्यांनी उत्तराचे दार लावून घेतले. संवादाला माझा विरोध कधीच नव्हता. कडी कोणाच्या हातात आहे हे न सांगता संवादाचे गोडवे गाण्याला आहे. आपली यादी लागली तर वाचायला येईन. वडाचे एक जरी झाड त्यात दिसले, तर समजूतदारपणा घरी ठेवून येईन.

देवळालीकर
पुढच्या सिंहस्थापर्यंत हे संपेल अशी आशा आहे. वडाला मात्र माझाही विरोध नाही, म्हणजे तोडण्याला आहे. नीट लिहून घ्या, नाहीतर उद्या उलट छापाल.

निवृत्त सचिव
आज दुपारी जुनी इतिवृत्ते काढून बसलो होतो. २२ वर्षांत ‘विरोध’ हा शब्द दोनदा सापडला. पहिला, ‘भिंतीवर जाहिरात लावण्यास विरोध करणारा फलक बसवावा’.

सिडकोवाली
आणि दुसरा कोणाचा, काका?

निवृत्त सचिव
आमच्या सौभाग्यवतींचा. तो पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना मीच दुरुस्त करून घेतला होता.