वाचन, अभिवाचन की ‘वाचून दाखवणं’?

विचारणारी

आम्ही दहा-बारा जण महिन्यातून दोनदा जमतो आणि एकमेकांना वाचून दाखवतो. एक जुनं, एक ताजं, असा साधा बेत. आता बाहेरच्या लोकांनाही बोलवायचं ठरलंय आणि फलकावर काय लिहायचं यावर घोडं अडलंय. मागे ‘साहित्यवाचन’ असं लिहून पाहिलं. एक गृहस्थ स्वतःचं जाडजूड पुस्तक आणि चष्मा घेऊन आले, कोपऱ्यात बसले, आणि आम्ही मोठ्याने वाचायला लागल्यावर त्यांनी अशा काही नजरेने पाहिलं की आम्हालाच चोरट्यासारखं झालं. ‘अभिवाचन’ लिहावं म्हटलं तर गटातलीच एक म्हणते, मग मी नाही वाचणार, मला अभिनय येत नाही. ‘पठण’ सुचवणाऱ्याला सगळे हसले, पण का हसलो ते कुणालाच धड सांगता येईना. या शब्दांत नेमका फरक काय?

एक उत्तर

चष्मेवाल्या गृहस्थांना दोष देऊ नका. ‘वाचन’ या शब्दाचीच वाचा बसली आहे.

मूळ धातू वच्, म्हणजे बोलणे. त्याचं प्रयोजक रूप वाचयति, म्हणजे बोलायला लावतो. अक्षरं मुकी असतात, त्यांना बोलायला लावायचं ते वाचन. हा जुना अर्थ ‘पुण्याहवाचन’ या शब्दात अजून जसाच्या तसा शिल्लक आहे. तिथल्या ‘वाचना’चा पोथीशी संबंध नाही, ‘आजचा दिवस पुण्यकारक असो’ हे यजमान पुरोहितांच्या तोंडून वदवून घेतो, त्या वदवून घेण्यालाच वाचन म्हटलंय. आणि मराठीत आज्ञार्थी ‘वाचा!’ आणि नाम ‘वाचा’ ही दोन रूपं तंतोतंत एक आहेत, याकडे आपलं लक्षच जात नाही.

म्हणजे आवाज हा ‘वाचन’चा मूळ ऐवज. पुढे मनातल्या मनात वाचणं इतकं अंगवळणी पडलं की शिक्षणशास्त्राला ‘मूकवाचन’ आणि ‘प्रकटवाचन’ अशी विशेषणं लावून दोन शब्द करावे लागले. विशेषण गळालं की आज मूकवाचनच उरतं.

आता ‘अभि’. हा उपसर्ग आवाज वाढवत नाही, दिशा देतो. अभिमुख, अभिवादन, अभिप्राय. नाट्यशास्त्रात ‘अभिनय’ची फोडच अशी केली आहे : अभि + नी, म्हणजे प्रयोग प्रेक्षकांच्या दिशेने नेणे. त्या हिशेबाने अभिवाचन म्हणजे समोर बसलेल्याकडे नेलेलं वाचन. समोर कुणी नसताना तुम्ही कितीही हातवारे करून वाचलंत तरी ते अभिवाचन नव्हे; आणि एका माणसाला सपाट आवाजात, पण त्याच्याकडे बघून वाचलंत तर ते आहे. जर्मन भाषेत यासाठी वेगळं क्रियापदच आहे. ‘लेझन’ म्हणजे वाचणे आणि ‘फोरलेझन’ म्हणजे कुणापुढे वाचणे. त्यातला ‘फोर’ आपल्या ‘अभि’चंच काम करतो. गंमत म्हणजे विद्यापीठातल्या व्याख्यानाला ते ‘फोरलेझुंग’ म्हणतात.

तेव्हा तुमच्या मैत्रिणीला सांगा, अभिनय नको, अभिमुख असलीस की झालं.

त्यावर

व्युत्पत्ती पटली, पण शब्द व्युत्पत्तीने चालत नाहीत, वापराने चालतात. आज ‘अभिवाचन’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तालीम केलेले तीन-चार जण, वाटून घेतलेल्या भूमिका, मागे हलकं संगीत असंच येतं. त्या मैत्रिणीची धास्ती अगदीच खोटी नाही. चार प्रकारच्या अभिनयातला वाचिक तेवढा यात येतो, हे खरं. पण तोही सगळ्यांना जमतो असं नाही.

शिवाय ‘वाचन’ची वाचा सरसकट बसलेली नाही. समासात ती शाबूत आहे. काव्यवाचन म्हटल्यावर कुणी चष्मा घेऊन कोपऱ्यात बसत नाही. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर एकत्र करायचे ते काव्यवाचनच, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे दुसऱ्या कवींच्या कविता ऐकवायचे, त्यालाही काव्यवाचनच म्हणत. नाट्यवाचन, अहवालवाचन, पंचांगवाचन, सगळीकडे आवाज आहे. तुमचा घोटाळा झाला तो ‘साहित्य’ या गोलमाल शब्दाने. कविता, नाटक, अहवाल ऐकायची गोष्ट म्हणून ओळखीची आहे, ‘साहित्य’ नाही.

‘कथाकथन’ मात्र लिहू नका. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार करायचे ते कथाकथन. तिथे गोष्ट सांगायची असते, हातात कागद असलाच तर नावाला. तुम्ही कागदाला बांधलेले आहात, आणि असायलाच हवं. दुसऱ्याचं वाक्य आहे, ते बदलायचा तुम्हाला काय अधिकार?

विचारणारी

अधिकाराचं बोललात म्हणून विचारते. संवाद असले की आमच्यातले काही जण ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ गाळतात आणि आवाज बदलून वाचतात. हे चालतं का?

पहिलंच उत्तर देणारा

चार्ल्स डिकन्स 1858 ते 1870 अशी बारा वर्षं स्वतःच्या कादंबऱ्यांचं जाहीर वाचन करत हिंडला. त्यासाठी त्याने वेगळ्या प्रती केल्या होत्या. त्यांत मजकुरावर काट मारलेली, अधोरेखनं केलेली, पानाच्या समासात कसं वाचायचं त्याच्या खुणा. लेखकानेच स्वतःला कापलं म्हटल्यावर आपण किती सोवळं पाळायचं? पण मी स्वतः ‘तो म्हणाला’ गाळत नाही. हलक्या आवाजात, जवळजवळ गिळून म्हणतो. ते दोन शब्द लेखकाने श्वास घ्यायला ठेवलेले असतात. गाळले की दोन पात्रं एकमेकांच्या अंगावर येतात.

‘पठण’बद्दल

हसलात कारण पठण ठरलेल्या मजकुराचं होतं. स्तोत्राचं, मंत्राचं, जे ऐकणाऱ्यालाही आधीच येत असतं. ‘काल मी एका नव्या कथेचं पठण केलं’ हे वाक्य स्वतःशी म्हणून बघा. धातू पठ्, आणि त्याच घरातले पाठ, पाठांतर, पाठ करणे. नव्या मजकुराला ते कपडे बसत नाहीत.

‘पारायण’चा प्रवास याहून गमतीदार. पार + अयन, पलीकडच्या तीरापर्यंत जाणं, म्हणजे ग्रंथ आरंभापासून शेवटापर्यंत वाचून पुरा करणं. आता ‘त्या कादंबरीची मी तीन पारायणं केलीत’ म्हणताना आवाज नाही, विधी नाही, उरलंय ते फक्त पुन्हापुन्हा वाचणं.

जाता जाता : ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात सहा अधम पाठक सांगितले आहेत. गाण्यासारखं हेल काढून वाचणारा, घाईघाईने वाचणारा, मान डोलावणारा, अर्थ न कळता वाचणारा, बारीक आवाजाचा, आणि सहावा ‘लिखितपाठक’, म्हणजे चक्क लिहिलेलं बघून वाचणारा! या यादीप्रमाणे तुमचा अख्खा गट दर पंधरा दिवसांनी अधमपणा करतो. बाकीचे पाच दोष टाळलेत तर सहावा माफ, असा माझा निवाडा. (मान डोलावणारे आमच्याकडे दोन आहेत. सांगून उपयोग नाही.)

मध्येच एक शंका

सगळे ‘वाचून दाखवणे’ म्हणतात त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. यात दाखवतो काय? पान तर आपल्याकडे वळवलेलं असतं. हिंदीत ‘पढ़कर सुनाना’ आहे, ते सरळ आहे. आपण मात्र गाऊन दाखवतो, म्हणून दाखवतो, वाचून दाखवतो. कानाचं काम आणि क्रियापद डोळ्याचं.

उत्तर

‘करून दाखवणे’मधलं ‘दाखवणे’ आहे ते. इथे दृश्याचा संबंध नाही, दुसऱ्यासाठी केलं एवढाच अर्थ. म्हणजे ‘अभि’ आपल्याकडे आधीपासून होता, शेवटी लागत होता. मला हा शब्द सगळ्यांत आवडतो. त्यात तालीम नाही, भूमिका नाही, आणि लहानपणी तो प्रत्येकाने वापरलेला असतो.

जुनं वाचणाऱ्यांसाठी

फलक बाजूला ठेवून एक व्यवहाराची गोष्ट. जुनी छापील पुस्तकं वाचायला घेतलीत तर आधी एकदा घरी मोठ्याने वाचा. 1962च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पांच’ असे असतात. आमच्याकडे एका तरुण मुलाने हे सगळे टिंब प्रामाणिकपणे नाकातून वाचले. ‘कान्हीं’ ऐकून मागच्या रांगेत खोकल्याची साथ आली. त्याची चूक नव्हती, त्याला ते टिंब फक्त दिसत होतं.

उलट गंमत ‘जरा’ची. ‘जरा थांब’मधला ज दातांजवळचा, ‘जरा-मरण’मधला टाळूचा. डोळ्याला दोन्ही सारखेच. मनात वाचताना आपण कोणता ज उच्चारला, हे आपलं आपल्यालाही कळत नाही. ‘त्याला जरा आली’ हे वाक्य मी एकदा पहिल्या ज-ने वाचलं आणि ऐकणारे पुढचा शब्द यायची वाट बघत राहिले. काय जरा आली? झोप? शुद्ध? म्हातारपण आलं होतं बिचाऱ्याला.

विचारणारी

ऐकणाऱ्यांना काय म्हणायचं, हे राहिलंच. ‘रसिक’ नको, ‘प्रेक्षक’ चुकीचं, ‘श्रोते’ म्हटलं की सतरंजी आणि हारतुरे दिसायला लागतात.

शेवटचं उत्तर

‘श्रोते’च म्हणा, जुना आणि मानाचा शब्द आहे. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय ‘तरी अवधान एकलें दीजे’ असा सुरू होतो. समोर माणसं बसलीत आणि त्यांच्याकडे फक्त लक्ष मागितलंय. आणि ग्रंथाच्या शेवटच्या ओवीत, ‘शके बाराशतें बारोत्तरें’, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी टीका (म्हणजे गीतेवरचं भाष्य) केली आणि सच्चिदानंदबाबा ‘लेखकु जाहला’ असं म्हटलंय. म्हणजे लेखक हा उतरवून घेणारा. ज्याचं काव्य, तो बोलत होता. वाचन मुकं झालं तसा ‘लेखक’ही कुठल्या कुठे गेला, पण ‘श्रोता’ अजून जागच्या जागी बसलेला आहे.

फलकावर ‘कथा-कविता वाचून दाखवणार आहोत’ असं पूर्ण वाक्यच लिहा. आणि चष्मेवाल्या गृहस्थांना पुन्हा बोलवा. ते जाडजूड पुस्तक कोणतं होतं, ते विचारायचं राहिलं ना?

विचारणारी

विचारलं होतं. शब्दकोश होता.