मदत हवी आहे: लॅरावेलच्या (पीएचपीचं वेब फ्रेमवर्क) लेआउट क्लासमध्ये हळदीचा भाव कुठून द्यावा?
सांगलीतल्या हळद अडत्याची साइट आहे, सगळी पानं ब्लेडच्या (लॅरावेलची टेम्प्लेट पद्धत) एकाच लेआउट कंपोनंटमधून, म्हणजे सामायिक साच्यातून, जातात. पानाचं शीर्षक लेआउटला द्यायचं जमलंय (क्लासात कॅमल केस, टॅगमध्ये हायफन, कन्स्ट्रक्टरमध्ये नसलेलं नाव ॲट्रिब्यूट्समध्ये जाऊन बसतं आणि टेम्प्लेट 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल' म्हणून ओरडतं).

अडचण वरच्या भावपट्टीची. राजापुरी हळदीचा भाव डेटाबेसमधून लेआउटच्या कन्स्ट्रक्टरमध्ये आणला, तर संपर्काच्या पानावरही क्वेरी चालते. १० मिनिटांचं कॅश (उत्तराची तात्पुरती साठवण) लावलं, तर सौदे चालू असताना जुना भाव दिसतो.

व्ह्यू कंपोझर (ठरावीक व्ह्यू रेंडर होताना त्याला डेटा देणारा कोड) फक्त पट्टीच्या पार्शलला (टेम्प्लेटच्या वेगळ्या तुकड्याला) जोडावा, की पट्टीचा वेगळा क्लास करून शुडरेंडरमध्ये (कंपोनंट दाखवायचा की नाही हे ठरवणारी मेथड) पान तपासावं? तिथेही कन्स्ट्रक्टर आधीच चालतो, म्हणजे क्वेरी रेंडरमध्येच हवी. आणि कॅश कुठून पुसता? घाऊक अपडेटला मॉडेलचा सेव्ह्ड इव्हेंट (नोंद जतन झाल्याची सूचना) येत नाही.