मोबाइलच्या कॅमेऱ्यावर नाडी मोजणं : अनुभव धागा

धागाकर्ता

मागच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की अर्ध्या मिनिटात ठोक्यांचा आकडा येतो. तो कधी अगदी बरोबर असतो, कधी साफ चुकतो. अशी ॲप बनवणाऱ्यांनी, रोज वापरणाऱ्यांनी, रुग्णांवर पडताळून पाहणाऱ्यांनी इथे लिहावं. नुसतं 'माझ्या फोनवर चालत नाही' नको, का चालत नाही आणि काय केलं की चालतं ते लिहा. कुठलं ॲप भारी हा वाद कृपया दुसरीकडे.

कॅमेरेवाला

आधी आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे पुढच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतील. फ्लॅशचा प्रकाश पेरात शिरतो, आत विखुरतो आणि त्यातला थोडा लेन्सपर्यंत येतो. प्रत्येक ठोक्याला बोटातल्या बारीक धमन्यांत रक्त जरासं वाढतं, तेवढा प्रकाश जास्त शोषला जातो आणि चित्र किंचित काळवंडतं. हा फरक सरासरी उजेडाच्या एखाद-दोन टक्क्यांचा. डोळ्याला लाल गोळाच दिसतो, पण चौकटीतल्या (फ्रेममधल्या) सगळ्या पिक्सेलची सरासरी काढून आलेख मांडला की लाट स्वच्छ उमटते. तत्त्व नवं नाही. १९३०च्या दशकातच अमेरिकेत आल्रिक हर्ट्झमन यांनी दिवा आणि प्रकाशविद्युत घट वापरून बोटातल्या रक्ताची अशी लाट टिपली होती.

आता गोची. पांढरा एलईडी आणि लेन्स दोन्ही झाकली की लाल रंगाची किंमत बऱ्याच फोनांत थेट २५५ला, म्हणजे मोजपट्टीच्या कमाल टोकाला, जाऊन चिकटते. तिथे लाट कापली जाते, आलेख सपाट. कवितेत रक्त लाल असेल, पण हिमोग्लोबिन शोषतं हिरवा प्रकाश, म्हणून हिरव्या रंगात लाट मोठी यायला हवी. येतेही. मात्र काही फोनांत बोटातून हिरवा प्रकाश इतका कमी येतो की तो शून्याजवळ जाऊन गोंगाटात (कॅमेऱ्याच्या निरर्थक चढउतारांत) बुडतो. त्यामुळे 'नेहमी लाल' किंवा 'नेहमी हिरवा' असा नियम ठेवू नये. पहिल्या दोन-तीन सेकंदांत दोन्ही रंगांची सरासरी पाहावी, २५५ला किंवा शून्याला टेकलेला रंग सोडावा, दुसरा घ्यावा. दोन्ही टेकलेले असतील तर एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) कमी करावं किंवा फ्लॅश मंद करावा.

दुसरा शत्रू म्हणजे कॅमेऱ्याची हुशारी. ऑटो एक्स्पोजरला वाटतं चित्र काळवंडतंय, तो लगेच उजळवतो. नेमकी आपली लाटच पुसली जाते. फ्लॅश लावून बोट ठेवल्यावर सेकंदभर स्थिर होऊ द्यायचं, मग एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची आपोआप जुळणी) दोन्ही लॉक करायचे. बोट ठेवण्याआधी लॉक केलं तर सगळं मुसळ केरात.

दुकानातला (मोबाइल दुरुस्ती)

गिऱ्हाइकाचा फोन बिघडलेला नसतो, बोट चुकीच्या भिंगावर असतं. आता मागे तीन-चार भिंगं असतात. त्यातलं एखादं मॅक्रोचं (अगदी जवळच्या फोटोचं), एखादं नुसतं वस्तूचं अंतर मोजायचं. ॲप बहुतेक वेळा मुख्य कॅमेरा वापरतं. तो कुठला हे ओळखायला फोनचं नेहमीचं कॅमेरा ॲप १एक्सवर उघडा आणि एकेक भिंग बोटाने झाका. ज्याने पडदा काळा होतो तो मुख्य. काही फोनांत वस्तू फार जवळ आली की कॅमेरा स्वतःहून अल्ट्रावाइडवर (रुंद दृश्याच्या भिंगावर) उडी मारतो. ॲपने लेन्स पक्की केली नसेल तर मोजणी मध्येच तुटते ती यामुळे.

फ्लॅश आणि मुख्य लेन्स लांब असतील तर पेर आडवं ठेवा, बोटाचं टोक फ्लॅशकडे आणि मांसल भाग लेन्सवर. लेन्स पूर्ण झाकली गेलीच पाहिजे. फ्लॅश अर्धा उघडा राहिला तरी चालतं.

भिंगावर चिकटवायची जी अखंड काच मिळते, फ्लॅश आणि लेन्स दोन्हींवर एकच, ती काढून टाका. फ्लॅशचा उजेड त्या काचेतूनच सरळ लेन्समध्ये पळतो, बोटात न जाता. त्या उजेडात ठोका कुठून असणार? जाड कव्हरची कड बोट वर उचलून धरत असेल तर कव्हरही काढा. आधी आणि नंतर कोरड्या सुती कापडाने भिंग पुसा, नाहीतर पुढचे फोटो धुरकट येतात आणि मग तीही तक्रार आमच्याकडेच.

फ्लॅश तापतो. ३० सेकंद ठीक, लागोपाठ करत बसू नका. मधुमेहामुळे बोटांची जाणीव कमी झालेल्यांना चटका कळत नाही, त्यांनी मध्ये फोन थंड होऊ द्यावा. फ्लॅश मंद करायची सोय ॲपमध्ये असेल तर ती वापरावी.

हृदयविभाग तंत्रज्ञ

कॅमेरा मोजतो नाडी, हृदयाचे विद्युत ठोके नव्हे. बहुतेक माणसांत दोन्ही आकडे एकच. पण एखादा ठोका वेळेआधी पडला तर हृदय पुरतं भरलेलं नसतं, रक्त कमी ढकललं जातं आणि बोटापर्यंत लाट पोचतच नाही. एकाआड एक ठोका असा अवेळी पडत असेल तर ईसीजीवर ८० आणि फोनवर ४० दिसू शकतात. फोन खोटं बोलत नाही, बोटात लाटा ४०च येतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्येही (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) असंच, स्टेथोस्कोपने छातीवर मोजलेले ठोके मनगटावरच्यापेक्षा जास्त भरतात.

पडताळा घ्यायची सोपी रीत अशी. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. एका हाताचं बोट कॅमेऱ्यावर. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाच्या खाली, तर्जनी आणि मधलं बोट ठेवून घड्याळाकडे बघत पूर्ण ६० सेकंद मोजायचे. अंगठ्याने मोजू नये, त्याची स्वतःची नाडी लागते. १५ सेकंद मोजून चौपट करू नका, एक ठोका चुकला की चारचा फरक पडतो. हृदयगती दाखवणाऱ्या यंत्रांसाठी वापरात असलेला निकष १० टक्के किंवा ५ ठोके, यातलं जे जास्त तेवढी चूक चालवून घेतो. फोन त्यात बसला तर घरच्या कामाला पुरे.

नाडी अनियमित लागत असेल तर ॲपचा सरासरी आकडा कितीही देखणा असो, ईसीजी काढावा. छातीत दुखतंय, दम लागलाय, चक्कर येतेय अशा वेळी बोट कॅमेऱ्यावर नको, १०८ वर फोन हवा.

कॅमेरेवाला

वरच्याला पुरवणी. ॲप बरोब्बर दुप्पट दाखवतं, ७२चे १४४, तेव्हा कारण वेगळं असतं. नाडीच्या लाटेला उतारावर दुसरा छोटा उंचवटा असतो, महाधमनीची झडप बंद झाल्यानंतरचा. तरुण, लवचिक धमन्यांत तो ठसठशीत दिसतो आणि कच्चं ॲप त्यालाही ठोका समजतं. आकडा बरोब्बर दुप्पट किंवा निम्मा वाटला की आधी मनगट धरा.

सकाळचा गट (धावणाऱ्यांचा प्रशिक्षक)

दाब! निम्म्या चुका तिथे. लोक बोट असं रेटतात की पेर पांढरं पडतं. रक्तच बाहेर ढकललं तर लाट कशाची? फार हलकं ठेवलं तर बोट हलतं आणि बाजूने उजेड शिरतो. फोन टेबलावर पालथा ठेवा, कॅमेरा वर, आणि बोट त्याच्या स्वतःच्या वजनाने टेकू द्या. जोर लावायचाच नाही. हवेत धरलेल्या फोनपेक्षा हे कधीही बरं. हात साधारण हृदयाच्या उंचीवर असावा.

थंडीत गार बोटांना आलेख सपाट येतो, कारण बोटातल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. तळवे चोळा, चहाचा कप दोन मिनिटं धरा, कोमट पाण्यात हात बुडवून पुसून घ्या.

धावल्यावर मोजायचं तर घाम पुसून लगेच. पहिल्या मिनिटातच ठोके भराभर उतरतात, त्यामुळे ३० सेकंदांची सरासरी धावतानाच्या आकड्यापेक्षा कमीच येणार. पळताना किती होते हे या मार्गाने कळत नाही, त्याला छातीचा पट्टा लागतो. रोजचा विश्रांतीचा आकडा मात्र इथे छान मिळतो. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच स्थितीत.

भौतिकीचे सर

ॲपवर भरवसा नसेल तर स्वतः काढा. फ्लॅश चालू ठेवून बोटाचा ४० सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि तारेने संगणकावर उतरवा. व्हॉट्सॲपने पाठवू नका, पुन्हा दाबला जातो आणि बारीक चढउतार जातात. पायथनमध्ये ओपनसीव्हीने (चित्रं वाचणारं सॉफ्टवेअर) एकेक चौकट वाचून मधल्या भागाची हिरव्या आणि लाल रंगाची सरासरी घ्या. पहिली ३ सेकंदं फेका, तिथे कॅमेरा अजून जुळवून घेत असतो.

मग जी चूक जवळपास प्रत्येक विद्यार्थी करतो ती टाळा. सेकंदाला ३० चौकटी आहेत असं धरून चालू नका. उजेड कमी पडला की फोन गुपचूप २४ किंवा १५वर येतो, आणि ३० धरून भागलं तर नाडी त्याच प्रमाणात फुगते. प्रत्येक चौकटीची वेळ फाइलमध्ये असते, ती वाचा आणि समान अंतरावर आणून घ्या. मग ०.७ ते ३.५ हर्ट्झचा बँडपास (तेवढाच पट्टा ठेवणारी गाळणी), म्हणजे मिनिटाला ४२ ते २१० ठोके. शिखरं शोधताना दोन शिखरांत किमान ०.२८ सेकंदांचं अंतर ठेवा. अंतरांची सरासरी न घेता मध्यक घ्या, बोट एकदा हललं तरी उत्तर ढळत नाही.

अचूकतेचं गणित मजेशीर आहे. ७५च्या नाडीत दोन ठोक्यांत ०.८ सेकंद, म्हणजे ३० फ्रेम वेगाला २४ चौकटी. शिखर एका चौकटीने सरकलं तर उत्तर ७२ किंवा ७८. नाडी १५० असेल तर १२च चौकटी, आणि एका चौकटीची चूक १३८ ते १६४ इतकी उडवते. म्हणून एकाच अंतरावरून आकडा दाखवणारं ॲप नाचतं आणि ३० सेकंदांवरून दाखवणारं शांत असतं. फूरिए रूपांतर (लाटेतल्या वारंवारता वेगळ्या करायचं गणित) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, १० सेकंदांच्या तुकड्यात दोन शेजारच्या वारंवारतांत ०.१ हर्ट्झ, म्हणजे ६ ठोक्यांचं अंतर असतं.

ॲप नुसतेच आकडे फेकतंय का हे बघायला पालथ्या फोनच्या लेन्सवर पिकलेला टोमॅटो ठेवा, देठ वर. आतून लाल उजळतो, थेट बोटासारखा. हात काढून घ्या. खरं ॲप 'नाडी सापडली नाही' म्हणतं. टोमॅटोची नाडी ७४ आली तर ॲप काढून टाका.

खिडकीशेजारी

चेहऱ्यावरूनही नाडी मिळते, फ्लॅश आणि स्पर्श दोन्ही नको. साध्या उजेडात, साध्या कॅमेऱ्याने हे होतं असं फेरक्राउसे आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये दाखवलं, हिरव्या रंगात सगळ्यात चांगलं. इथे फरक इतका सूक्ष्म की एका पिक्सेलमध्ये दिसतच नाही. कपाळ-गालावरचे १० हजार पिक्सेल एकत्र केले की यादृच्छिक गोंगाट साधारण शंभरपट खाली येतो, तेव्हा लाट वर निघते.

खिडकीकडे तोंड करून बसा, फोन टेकवून ठेवा, अर्धा-पाऊण मीटरवर. बोलू नका. जाड मेकअप, दाढी, चष्म्यावरची चमक हे भाग वगळा. सावळ्या त्वचेत मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) हिरवा प्रकाश अडवतं, लाट आणखी बारीक होते, म्हणून उजेड जास्त आणि वेळही जास्त द्या. बोटाच्या पेरावर मेलॅनिन कमी असल्याने तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.

आपल्याकडचा खास त्रास ट्यूबलाइटचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा ३० फ्रेमवर असेल तर ही लुकलुक १० हर्ट्झवर दिसते, नाडीच्या पट्ट्याबाहेर. पण वेग २४.५च्या आसपास घसरला तर तीच २ हर्ट्झवर येऊन बसते आणि सोफ्यावर निवांत बसलेल्या माणसाची नाडी १२० दिसते. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर पक्कं करा, लुकलुक कटते. नाहीतर दिवा बंद, खिडकी उघडी.

हृदयविभाग तंत्रज्ञ

व्यक्तिगत निरोपांतून आलेल्या प्रश्नांची उत्तरं इथेच देते.

मेंदी : लग्नघरात पेरं गडद रंगलेली असतात, रंग हिरवा प्रकाश खातो. न रंगलेलं बोट घ्या. सगळीच रंगली असतील तर पायाचा अंगठा चालतो, आडवं पडून. नेलपॉलिशचा इथे काही संबंध नाही. ती अडचण चिमट्याच्या ऑक्सिमीटरला, कारण त्याचा प्रकाश नखातून आरपार जातो.

ऑक्सिजन : ऑक्सिमीटरला दोन ठरावीक तरंगलांबी लागतात, साधारण ६६० (लाल) आणि ९४० (अवरक्त) नॅनोमीटर. फोनच्या कॅमेऱ्यापुढे अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी असते आणि फ्लॅश पांढरा. म्हणून ॲपवरच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर घरी ठेवायचं की दवाखान्यात न्यायचं हे ठरवू नका. नुसत्या बोटावरून रक्तदाब सांगणाऱ्या ॲपवरही मी विसंबत नाही, दंडाचा पट्टा घ्या.

हातात घट्टे असलेले : शेतीकाम, सुतारकाम करणाऱ्यांची तर्जनी जाड असते. करंगळी किंवा अनामिका वापरा, तिथली कातडी मऊ असते.

लहान मुलं : बोट लेन्स झाकत नाही, अंगठा घ्या. तान्ह्या बाळाची नाडी १४०-१५० असणं स्वाभाविक आहे, ते बघून घाबरू नका. पण बाळ ३० सेकंद स्थिर राहत नाही, त्यामुळे फोन बाजूला ठेवून स्टेथोस्कोप असलेल्या माणसाकडे न्या.