वापरलेली सुरी ऑनलाइन घेताना केवळ फोटोंवरून तिची स्थिती कशी ओळखावी?

प्रश्न : खानावळ_भुसावळ

नमस्कार. भुसावळला माझी लहानशी खानावळ आहे. हिवाळ्यात भरिताचे दिवस सुरू झाले की कांद्याची पात, मेथी आणि कोथिंबीर मिळून रोज आठ-दहा किलो चिरणे होते. आजवर विळी आणि बाजारातल्या साध्या स्टेनलेस सुऱ्यांवर भागवले. आता एका संकेतस्थळावर कार्बन पोलादाची, २१० मिलिमीटर पात्याची, वापरलेली जपानी ग्युतो (स्वयंपाकघरातल्या सर्व कामांची लांब पात्याची) सुरी ३,२०० रुपयांना दिसली आहे. विक्रेत्याने चार फोटो दिले आहेत, पण चारही एकाच बाजूचे आहेत. सोबत कागद सरसर कापला जात असल्याचा एक व्हिडिओ आहे. पात्यावर मुठीच्या बाजूला काळसर निळे डाग दिसतात, त्यांना विक्रेता ‘वापराची खूण’ म्हणतो.

मागे असाच एक व्यवहार मला महागात पडला. आलेली सुरी आरशासारखी चकचकीत होती, धारही होती, परंतु गाजर चिरायला घेतले की ते कापले जाण्याऐवजी कडकन फुटत असे. पुन्हा तसे होऊ नये म्हणून विचारतो : कोणते फोटो मागावेत, आणि कोणता दोष दिसला की विषय तिथेच सोडून द्यावा?

उत्तर : निसणा, धुळे

गाजर फुटण्याचे कारण आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. सुरीचे पाते पाचरीसारखे असते : पाठीकडे जाड आणि धारेकडे निमुळते. दर वेळी धार लावताना थोडे पोलाद झिजते आणि धार हळूहळू पाठीकडे, म्हणजे जाड भागाकडे सरकत जाते. मधूनमधून पात्याच्या दोन्ही अंगांनी घासून ते पातळ केले नाही, तर काही वर्षांनी धार तीक्ष्ण पण तिच्यामागचे पाते जाड, अशी अवस्था होते. अशी सुरी भाजीत शिरते खरी, पण पुढे पाचर ठोकल्यासारखी ती भाजी फोडते. कागदाचा व्हिडिओ म्हणूनच मी पुरावा मानत नाही. दहा मिनिटे दगडावर घासलेली कोणतीही सुरी कागद कापते, आणि कागदाला जाडी नसल्यामुळे पाते जाड आहे की पातळ हे त्यात कळतच नाही.

यासाठी टाचेकडून, म्हणजे धारेचा मुठीजवळचा शेवट नेमका समोर ठेवून, काढलेला फोटो मागा. त्यात पाचरीचा आकार स्पष्ट दिसतो. दुसरा फोटो टाचेपाशी पट्टी उभी धरून पात्याची उंची दाखवणारा असावा. या लांबीच्या नव्या ग्युतोची उंची साधारण ४५ ते ५० मिलिमीटर असते. ती ४० च्या खाली आली असेल, तर निम्मे आयुष्य आधीच्या मालकाने वापरले असे समजावे. तिसरा फोटो धार वर करून, तिच्यावर टॉर्चचा उजेड पाडून काढलेला हवा. चांगली धार उजेडात दिसत नाही. जिथे पांढरा ठिपका चमकतो, तिथे ती बोथट झालेली असते किंवा तिला दाता, म्हणजे बारीक खाच, पडलेला असतो. लहान दाते दगडावर निघतात, मात्र दोन मिलिमीटरचा एक दाता काढायचा म्हणजे संपूर्ण धार दोन मिलिमीटर मागे न्यावी लागते, आणि पुन्हा त्याच जाडीच्या प्रश्नाशी येऊन पोहोचतो.

उत्तर : केळीबाग, यावल

डागांविषयी थोडे सांगतो. आमच्याकडे केळीचा घड उतरवणारा कोयता चिकाने काळा पडतो आणि कितीही पुसला तरी काळाच राहतो, पण त्यामुळे त्याचे काही बिघडत नाही. कार्बन पोलादाच्या सुरीवरही कांदा, वांगे, कच्ची केळी यांमुळे राखाडी, निळसर किंवा काळी झाक चढते. ती गुळगुळीत असते आणि लाल गंजाला काही अंशी अडवतेही. तेलाचा कापूस फिरवल्यावर तांबूस रंग कापसाला लागला, तर तो गंज. गंज वरवरचा असेल तर निघतो; परंतु त्याने खड्डे पाडले असतील आणि ते धारेच्या जवळ असतील, तर ती सुरी सोडून द्या. आज ना उद्या धार झिजत त्या खड्ड्यापर्यंत पोहोचणार आणि तिथे दाता पडणार. तुमच्या वर्णनावरून मला तरी ही चिकाची झाक वाटते.

उत्तर : निसणा, धुळे

यावलच्या दादांचे म्हणणे बहुतांशी खरे आहे, पण निळ्या रंगाला एक दुसरेही कारण असू शकते आणि ते घातक आहे. विजेच्या सहाणेवर पाण्याशिवाय धार लावली, तर पातळ धार क्षणात तापते. सुमारे २२० अंश सेल्सिअसला पोलादावर फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. एवढी तापली की पात्याचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कठीणपणा, उतरलेच. रंग पॉलिशने घालवता येतो, गेलेला कठीणपणा मात्र येत नाही, आणि धार त्याच जागी पुन्हा पुन्हा मुडपते. अन्नाची झाक ढगासारखी, वेडीवाकडी पसरते. तापल्याचे रंग धारेलगत किंवा टोकाशी अरुंद पट्ट्यात, याच क्रमाने दिसतात. तुमचे डाग मुठीकडे आहेत, म्हणून फारशी चिंता वाटत नाही. तरी टोकाचा जवळून फोटो मागाच, कारण टोक सर्वांत पातळ आणि म्हणून सर्वांत आधी जळणारे.

उत्तर : तापीकाठ

मी असतो तर याच पैशात साधी नवी सुरी घेतली असती, पण तो आवडीचा प्रश्न झाला. मुठीकडे मात्र कोणी पाहिलेले दिसत नाही. दमट हवेतल्या शहरातून आलेली लाकडी मूठ आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात आकसते आणि सैल होते. पाते मुठीत जिथे शिरते त्या सांध्याचा फोटो घ्या. तिथे फट असेल आणि भोवती तांबूस कडा असेल, तर आत पाणी मुरून पोलाद गंजत आहे असे समजा. त्याशिवाय पाठीवरून सरळ रेषेत एक फोटो मागा, म्हणजे पाते वाकले आहे का ते दिसेल.

पुन्हा : खानावळ_भुसावळ

सर्वांचे आभार. विक्रेत्याने आज तीन फोटो पाठवले. टाचेपाशी उंची ४३ मिलिमीटर आहे, टोकाशी कोणताही रंग नाही, सांधा बंद आहे. टाचेकडून काढलेल्या फोटोत पाते धारेमागे थोडे जाड वाटते. धारेवर उजेड पाडलेला फोटो मात्र दोनदा मागूनही आला नाही. तेव्हा दाते आहेतच असे धरून आणि पाते पातळ करण्याची मजुरी वजा करून मी २,२०० रुपये सांगितले आहेत. त्याने उद्यापर्यंत वेळ मागितला आहे.