जुन्या मराठी शाळांच्या नोंदी: कोकणातले अनुभव इथे लिहा

खाडीकाठ:
छप्पर काढताना कपाटामागे शाळेचं जुनं जनरल रजिस्टर (दाखल मुलांची नोंदवही) सापडल्याचा फोटो गावच्या ग्रुपवर आला, म्हणून हा धागा. रत्नागिरीजवळच्या नाचणे, मिरजोळे, कुवारबाव पट्ट्यात आता बिल्डिंगा आल्या, पण मराठी शाळा जुन्या वाड्यांच्याच. शतकमहोत्सवाला सगळे कमानीवरचं साल धरतात. ते बहुतेक वेळा इमारतीचं असतं. शाळा त्याआधी देवळात नाहीतर कुणाच्या पडवीत भरायची. रजिस्टर नं. १ मधली पहिली दाखल तारीख बघा. पहिल्याच पानावर मुलं तिसरी-चौथीत दाखल दिसली तर 'मागील शाळा' रकाना तपासा. तो कोरा असेल तर आधीचं रजिस्टर हरवलंय असं समजा.

चिरेबंदी:
शिक्के पण बघा. लोकल बोर्ड म्हणजे १९६२ च्या आधीचं. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद. 'सिंधुदुर्ग' दिसलं तर १ मे १९८१ नंतरचं, त्याआधी सगळं रत्नागिरीच. नुसत्या 'स्कूल बोर्ड'वर साल ठरवू नका, १९२३ आणि १९४७ च्या प्राथमिक शिक्षणाच्या दोन्ही कायद्यांत ती होती.

तळकोकणी:
सावंतवाडीकडे हा हिशोब चालणार नाही. १९४८ पर्यंत संस्थान होतं, मुंबईचा कायदा लागू नव्हता. मुरूड-जंजिऱ्याचं पण तेच.

मालवणी माणूस:
ह्यां कोणी सांगूक नव्हतां. उद्याच शिक्के बघूक व्हये.

पागोळी:
जन्मतारखा १ जून, १ जून, १ जून दिसल्या तर गोंधळू नका. शाळा जूनमध्ये सुरू, जन्माची नोंद नाही, मग गुरुजी अंदाजाने वय धरून तीच लिहायचे. वंशावळीसाठी जन्मतारखेपेक्षा दाखल तारीख भरवशाची.

खाडीकाठ:
@पागोळी अगदी बरोबर ताई. आणि जातीचा रकाना फक्त दाखल्यासाठी वाचू नका. सरकारी पैशातल्या शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा, मुंबई कायदेमंडळातला बोले ठराव ४ ऑगस्ट १९२३ चा. तो आपल्या वाडीपर्यंत कधी पोचला, हे त्या रकान्यातलं पहिलं नाव सांगतं. शतकमहोत्सवाच्या स्मरणिकेत हे साल यायलाच हवं.

वाळवीमुक्त:
रजिस्टर ओलं असेल तर उन्हात टाकू नका, पानं कडक होऊन तुटतात. सावलीत, पंख्याखाली, मधेमधे टीपकागद घालून सुकवा. सेलोटेप अजिबात नको, गोंद पिवळा पडतो आणि काढताना शाई घेऊन येतो. लॅमिनेशन तर नकोच, ते परत निघत नाही. फाटलेल्या जागी पातळ हातकागद आणि तांदळाची खळ. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, जांभा पावसात पाणी धरतो.

माडबन:
छपराचं काय केलंत पण? पत्रा घातला तर आषाढात वर्गात शब्द ऐकू येत नाही.

चिरेबंदी:
मंगलोरी कौलंच ठेवा. तीन फूट आडव्याला पावणेदोन फूट तरी चढ हवा, कमी असेल तर वाऱ्याचं पाणी कौलाखाली शिरतं. वानरं कौलं सरकवतात, मे अखेरीस एकदा वर चढून बघायचंच.

तळकोकणी:
रजिस्टरातला शेरा मोडी लिपीत असेल तर फोटो टाका इथे. रजिस्टर नंबर दिसेल असा, दोन्ही पानं सपाट ठेवून, फ्लॅश न मारता.