खासदारीण म्हणजे नक्की कोण?

मृणाल गोरेंवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. '१९७७ साली उत्तर मुंबईच्या खासदारीण म्हणून निवडून आल्या' असं लिहिलं तर आईने तिथेच पेन आपटलं. म्हणे खासदारीण म्हणजे खासदाराची बायको! मग डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरची बायको का? काय लिहू?

> खासदाराची बायको
आई बरोबर आहेत. पाटलीण, वकिलीण तशीच खासदारीण. आणि इथे तर डबल विनोद, त्यांचे पती केशव गोरे १९५८ सालीच गेले, ते खासदार कधीच नव्हते, मृणालताई स्वतः १९६१ मध्ये महापालिकेत गेल्या, ७२ ला आमदार. नुसतं खासदार लिहा, दार प्रत्ययाला लिंग नसतं.

> दार प्रत्ययाला
आला फारसीचा पुळका. फारसी शब्दांना पर्याय द्यायला शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश कशाला करवून घेतला होता मग? संसदसदस्या लिहा.

संसदसदस्या बोलून बघा एकदा मोठ्याने, जीभ अडखळते 😀

आमच्या आजीच्या तोंडी मृणालताई कायम 'पाणीवाली बाई'च. गोरेगावात नळाला पाणी यावं म्हणून भांडल्या त्यावरून पडलेलं नाव. पण वाली हे हिंदी ना? मराठीत पाण्याची बाई हवं.

> पाण्याची बाई
अहो पाण्याची बाई म्हणजे घरोघरी हंडे भरणारी! भाजीवाली, मासेवाली कुठून आल्या मग, दिल्लीहून?

दिल्लीवरून आठवलं, ७७ ची घोषणा, 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात'. इंदिराबाई रायबरेलीत पडल्या होत्या. पैसे पाण्यात गेले म्हणतो ना आपण, तेच पाणी. हे दुसऱ्या भाषेत न्यायचं कसं, ताईंनी आधी ते सांगावं. आणि गंमत बघा, घोषणेत क्रियापदच नाही, त्यामुळे 'आली' की 'आल्या' ही भानगडच नाही, दोन्ही बायांना मान पण नाही आणि अपमान पण नाही.

> दोन्ही बायांना
बाया नको हो, शाळेतल्या बाईंना असं म्हणाल का? तिथे बाई आल्या, आणि भांडीवाली मात्र बाई आली.

आमच्याकडे भांडीवाल्या पण आल्याच असतात, तुमच्या घरचं तुम्ही बघा.

लाटणं मोर्चा पण मृणालताईंचाच ना? महागाईवरचा, कम्युनिस्ट नेत्या अहिल्याताई रांगणेकर पण होत्या. धान्य कोणीतरी लाटलं म्हणून बाया लाटणी घेऊन निघाल्या, आता हे 'लाटणं' आणि पोळीचं लाटणं एकाच धातूतून आलंय का?

लाट पासून आलं असणार, समुद्राची.

काहीही!!

अहो पण मी खासदार लिहू की संसदसदस्या, रात्री मजकूर द्यायचाय.